पोटात पाय

अमावस्येनंतरची ओहोटी
एरवी कधीच न उघडणारे खडक उघडते.
वर्षातून तीनदा, फार तर चारदा.
साबेला कमरेला दोर बांधून खाली उतरली आहे,
वर दोराचं दुसरं टोक धरून
तिचा भाचा ब्राइस लाटा मोजतोय.
पेर्सेबेसचे घोस कड्याला चिकटलेत, म्हाताऱ्या बोटांसारखे;
माद्रिदमध्ये लोक ते सोलून खातात
आणि भाव विचारत नाहीत.
साबेलाला भाव पाठ आहे.

खरवडणी उचलली,
आणि हात तिथेच राहिला.

कपारीच्या छताला, ओल्या केशरी स्पंजावर
करंगळीच्या नखाएवढी,
पांढरी, पण आतून दिवा लावल्यासारखी पांढरी.
पुढे दोन शिंगं, पाठीवर कल्ल्यांचं फूल मिटलेलं.
मागे अंड्यांची फीत,
गोल गोल, सुटत आलेल्या स्प्रिंगसारखी,
अजून संपली नव्हती.

गेल्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी
बंदरावर कागद वाटून गेली होती:
ही दिसली तर कळवा, फार थोड्यांना दिसली आहे.
साबेलाने त्यात सार्डिन गुंडाळले.
चित्र तेवढं ध्यानात राहिलं,
तेलाने पारदर्शक झालेलं.

आमच्या भाषेत म्हणतात, गोगलगाय आणि पोटात पाय.
साबेलाला हे कोण सांगणार?
ही तर शंखही टाकून आलेली,
दार नाही, छप्पर नाही, लपायला स्वतःची पाठसुद्धा नाही.
कावा कुठे असेल हिच्यात?
पण म्हण अगदीच खोटी नाही:
स्पंजाचं विष खाते, पचवत नाही,
कातडीत जपून ठेवते
चावणाऱ्यासाठी.

साबेला हसली. तिला तिची सासू आठवली असावी.

"पाचवी!" वरून ब्राइस ओरडला.
"थांब."
"मावशी, सहावी!"
"थांब म्हटलं ना."

हिचे डोळे म्हणजे कातडीखालचे दोन काळे ठिपके,
उजेड आणि अंधार, एवढंच त्यांचं जग.
म्हणजे साबेला,
अठ्ठावन्न वर्षांची, गुडघ्याला ठिगळ लावलेला सूट घातलेली,
बंदरावरच्या सगळ्या बायकांत मोठ्या आवाजाची,
तिच्या लेखी एवढीच की
मध्येच सावली पडली,
बराच वेळ राहिली,
मग निघून गेली.

सातवी लाट छातीपर्यंत आली. दोर ताणला.

वजनकाट्यावर आमारोने दोनदा पाहिलं.
"दीड किलो? अशा ओहोटीला?"
"खडक रिकामा होता," ती म्हणाली.
तिथल्या घोसांना तिने हात लावला नव्हता,
खरवडणी घसरली असती तर.
विद्यापीठाला कळवायचं का, ते उद्या बघू.
फोटोत नुसता अंगठाच आलाय.

रात्री भांडी घासताना
तिने नळ बंद केला,
करंगळी दिव्याखाली धरली,
नख वळवून पाहिलं.
एवढीच.
नाही, याहूनही थोडी लहान.