उरलेला अर्धा

मार्केट यार्डातल्या मुनोत शेठांचा काटा
रिकाम्या पाटीलाही कधी सात ग्रॅम म्हणायचा, कधी एकवीस.
"हवा तोलतोय," शेठ म्हणाले,
आणि तपासायला अर्धा किलोची ढेप टेबलावर ठेवून गेले.

पर्वती इंडस्ट्रियल इस्टेट, वरचा मजला.
दुपारभर मी लोडसेल बदलला, रेझिस्टर मोजले,
तापकीर गल्लीतून नवा तीनशे अठ्ठावन्न आणून बसवला,
आठ पायांचा, काळा, मुका.
आकडे तसेच. गुळाला मुंग्या.

घुलेबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
बोर्डाला हात न लावता विचारलं,
"यात अँप्लिफायर किती?"
एक, म्हटलं.
"पोटात दोन आहेत. दुसऱ्याचं काय केलंस?"

काहीच नाही. त्याची गरज नव्हती.

"म्हणून बडबडतोय."

प्रोबचं टोक सातव्या पायाला टेकलं
आणि स्कोपच्या पडद्यावर माजलं रानगवत.
ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं तो
दोन्ही कान उघडे टाकून
ट्यूबलाइटची गुणगुण, खालच्या लेथचा धक्का,
माझ्या बोटाची नुसती चाहूल
लाखपटीनं ओरडून सांगत होता
शेजाऱ्याला, एकाच सप्लायच्या भिंतीतून.

(मला आठवलं, पहिले तीन महिने
मीही इथे अशीच: स्टुलावर,
बिनकामाची, सगळ्यांच्या मध्ये बोलत.
मग बाईंनी माझ्या हातात सोल्डर दिलं.)

आता त्यांनी केसाएवढी तार सोलली.
सातवा सहाव्याला:
स्वतः बोललास ते आधी स्वतः ऐक.
पाचवा दोन रेझिस्टरांच्या मधोमध, निम्म्या व्होल्टाला.
आठव्याच्या कुशीत एकशेचारचा कपॅसिटर.
मी तो लावला होता बोर्डाच्या पार कडेला.
"तहान लागली की विहिरीवर पाठवतेस होय?
तांब्या उशाशी हवा."

गवत बसलं. एक रेघ उरली.
शून्य.
आम्ही चहा पिऊन आलो. शून्य.
पितळी वजन ठेवलं: पाचशे.
शेठांची ढेप ठेवली: चारशे एक्क्याऐंशी.

मी पुन्हा ठेवली. चारशे एक्क्याऐंशी.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
मुंग्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"बिलावर लिही, काटा दुरुस्त.
बाकीचं त्यांना काटाच सांगेल."