साडेपाच मिलिमीटर

शंभराने भाग, वर थोडं सोड, नोदारी म्हणतो.
तुझ्या सहाशेच्या लेन्समध्ये चंद्र साडेपाच मिलिमीटरचा.
शर्टाच्या बाहीचं बटणसुद्धा याहून मोठं असतं.
माझ्याकडे अठरा.
आणि दुर्बिणीच्या नळकांड्यावर थाप मारतो,
विकायच्या नसलेल्या घोड्याच्या मानेवर मारावी तशी.

मी रग्बीचे फोटो काढते.
माझी लेन्स चिखल ओळखते, फुटलेला ओठ,
चेंडू सुटण्याआधीची बोटं.
तिचे हप्ते अजून चालू आहेत,
म्हणून बटण म्हटलं की लागतं.

कुताइसीत, रिओनीच्या काठावर, सपाट छपरावर
माणसाहून लांब अशी ती उभी असते.
तिचा आरसा त्याने आणि वाझाने घासला,
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात,
पिंपाभोवती गोल गोल फिरत,
काचेवर काच, मध्ये ओली कुरुंदाची पूड.
वीज नव्हती. भाकरीला रांग होती.
"गावभर अंधार. आकाशासाठी इतकं चांगलं साल
पुन्हा आलं नाही," तो म्हणतो,
आणि हसत नाही.

अर्ध्या चंद्राच्या रात्री मी कॅमेरा तिला जोडला.
तोल गेला. नोदारीने दुसऱ्या टोकाला
सायकलचं जुनं कुलूप बांधलं.
चंद्र उलटा येतो, दक्षिण वर,
आणि थांबत नाही.
श्वास घ्यावा तेवढ्यात कडेला पोचतो;
मग ढकला, मग थरथर विरायची वाट बघा,
तोवर गेलाच.
वरून हवा उकळते. खड्ड्यांच्या कडा
तापत्या तव्यावरच्या तेलासारख्या सरकतात.
चाळीस काढले. एक धड आला.
पण तो एक!
काळोखातून नुसतं टोक बाहेर काढलेला डोंगर,
ज्याच्या पायथ्याला अजून सकाळ पोचली नव्हती.
मी बटण गिळलं आणि गप्प बसले.

फक्त, त्यात कुठेच कुताइसी नव्हतं.
तो कुणीही काढला असता, कुठूनही.

पौर्णिमेला मी पूल ओलांडला.
चारशे मीटर मोजून मागे सरले.
इतक्या अंतरावर ठेवलं तर
चंद्र साडेतीन मीटरचा होतो,
उभा माणूस त्याच्या निम्मा.
बंद पडलेल्या बेकरीची गच्ची, ट्रायपॉड,
पायाशी एक कुत्रं, त्याला माझ्या सँडविचशी काम.
नोदारीला फोन केला:
नेहमीसारखा बस, माझ्याकडे बघू नकोस.
"तुझ्याकडे कशाला बघू? चंद्र इकडे आहे."

आला. पितळी, खालून जरा चेपलेला.
दोन मिनिटं, फार तर तीन,
तो बरोबर त्या छपरामागे होता:
नळकांडं काळं, वाकलेला नोदारी काळा,
शेजारी एक रिकामं स्टूल.

ते स्टूल मला ठाऊक होतं.
मी त्यावर बॅग ठेवायचे.
दर वेळी तो काही न बोलता
ती उचलून खाली ठेवायचा.
मला वाटलं, म्हातारा टापटिपीचा आहे.

घरी येऊन फोटो मोठा केला.
स्टुलाच्या पायांखाली विटा होत्या.
अंधारात, हाताच्या अंतरावरून,
वर्षभरात एकदाही दिसल्या नव्हत्या.
नोदारी उंच आहे. त्याला विटा लागत नाहीत.

वाझा किती उंच होता, मी विचारलं नाही.
छापून नेला फोटो. त्याने चष्मा बदलला,
खिडकीपाशी नेऊन धरला,
बराच वेळ.
चंद्राबद्दल चकार शब्द नाही, अठराबद्दलही नाही.
मग साडेपाच मिलिमीटरच्या तळाशी
नख टेकवून म्हणाला,
"ही डावीकडची वीट फुटलीय.
उद्या बदलायला हवी."