चारशे ऐंशी पेसो

इग्नासिओने अ‍ॅप टाकून दिलं माझ्या फोनमध्ये.
म्हणाला, आत्या, सोड आता ती एक्सेल,
कुठल्या जमान्यात आहेस?
मी येर्बाचा कडू घोट घेतला, बोलले नाही.

लोकरीच्या गोदामाच्या जमान्यात.
तिथे हिशेबनीस ओफेलियाने शिकवली ती शीट,
जेवणाच्या सुट्टीत, माझं बोट धरून:
बरोबरचं चिन्ह, कंस, इथून इथपर्यंत, कंस बंद.
अजूनही कंस बंद करताना
दाराला कडी घातल्यासारखं वाटतं.

अ‍ॅप हुशार आहे. थेट बँकेतून वाचतं.
मी पाव घेऊन दुकानाबाहेर पडायच्या आत
त्याला पाव कळलेला असतो.
गुडघ्याच्या डॉक्टरला त्याने ‘फिटनेस’मध्ये घातलं.
रविवारी रंगीत चकती दाखवतं, म्हणतं,
छान चाललंय, नेलिदा!

शीट काही म्हणत नाही.
सांगाल तेवढंच तिला ठाऊक.
विजेचं बिल हाताने भरताना
पुन्हा एकदा पैसे गेल्यासारखं टोचतं,
म्हणून तर मी खोलीखोलीतून दिवे मालवत फिरते.

ठरवलं, मे महिनाभर दोन्ही. मग एक.

एकतीस तारखेच्या रात्री दोघांना समोरासमोर बसवलं.
बाहेर नदीवरचा वारा खिडकी हलवत होता.
दोघांचं आपसात जुळलं, पै न् पै.
माझ्या पाकिटाशी मात्र कुणाचंच जुळेना.
चारशे ऐंशी कमी.

पावत्या उलट्या केल्या, कोटाचे खिसे उलटे केले.
इग्नासिओ फोनवर जांभई देत म्हणाला,
‘इतर’मध्ये टाक ना.

शोधत होते म्हणजे नाटकच होतं.
चार शुक्रवार, एकशेवीसप्रमाणे,
कोपऱ्यावरची क्विनिएलाची खिडकी,
नंबर अठ्ठेचाळीस.
आमच्याकडे लॉटरीच्या आकड्यांना नावं असतात.
अठ्ठेचाळीस म्हणजे बोलणारा मेलेला माणूस.
आनिबालला जाऊन सात वर्षं झाली,
नंबर एकदाही लागला नाही.
जिवंतपणी तरी कुठे फार बोलायचा.

अ‍ॅप म्हणतं, प्रकार निवडा:
मनोरंजन, कुटुंब, बचत.
अंगठा तिन्हींवरून फिरला
आणि फोन पालथा पडला टेबलावर.
राहू दे तो, पावासाठी.

शीटमध्ये एक ओळ वाढवली.
नुसतं ‘आ.’ लिहिलं, पुढे आकडा.
ओफेलिया ओरडली असती,
नावं पुरी लिही गं, नंतर कळत नाही.

कळेल मला.