वाऱ्याचे नव्वद सेकंद

सहाच्या बातम्या अर्ध्या तासाच्या.
त्यातली आठ मिनिटं आधीच विकलेली:
ट्रॅक्टरचे टायर, दातांचा दवाखाना,
आणि लुंडीन फर्निचर, ज्यांचा दुकान-बंद सेल
अकरा वर्षं सुरूच आहे.
उरलेली बावीस मी दुपारी दोनपासून बेतते,
शिंपिणीसारखी, पेन्सिल कानावर ठेवून.
शाळा मंडळ: चाळीस सेकंद.
पुलाची दुरुस्ती: वीस.
पूल जास्त महत्त्वाचा, पण त्याचं चित्र नाही,
आणि चित्र नसलेल्या गोष्टी आमच्याकडे लवकर मरतात.
हरवून सापडलेलं कुत्रं: पंचवीस, अगदी शेवटी,
कारण माणसांना जेवणाच्या टेबलाकडे
जरा हसत सोडावं, असा इथला शिरस्ता.

स्टेशन म्हणजे हायवेच्या कडेला पत्र्याची शेड,
मागे मनोरा, पुढे बर्फ,
आणि बर्फापुढे नॉर्थ डकोटा, म्हणजे बर्फच.
मार्लिस बातम्या वाचते,
त्याआधी लिहिते, त्याआधी जाऊन आणते.
टेबलावर तिची मोत्यांची माळ दिसते,
टेबलाखाली गुडघ्यापर्यंतचे बूट.
व्हर्लिन हिरव्या भिंतीपुढे उभा राहून
रिकाम्या जागेला बोट लावतो,
आणि तिथे खरंच हिमवादळ येतं.
कॅमेरा दोनवर जेरड ब्रेकी. एकोणीस वर्षांचा.
फोकस मीच शिकवला त्याला.

त्या गुरुवारी पाच एकेचाळीसला स्कॅनर खरखरला:
धान्य सोसायटीच्या सायलोत माणूस.
गहू अंगावर आला.
गहू पाण्यासारखा वागतो,
फक्त त्यात पोहता येत नाही.
मी शाळा मंडळ कापलं. पूल कापला.
पाच छप्पन्नला शेरीफच्या कचेरीतून
दबक्या आवाजात नाव आलं:
ऑर्व्हिल ब्रेकी, वय एकसष्ट.

भिंतीवर नियम चिकटवलेला आहे,
टेप पिवळी पडलीय त्याची:
घरच्यांना कळल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

घरचे
काचेपलीकडे, बारा फुटांवर,
हेडफोन लावून
माझ्याच आवाजाची वाट बघत होते.

तीन, दोन, एक. मी म्हटलं, दोन घे.
त्यानं मार्लिसला चौकटीत घेतलं, सुरेख,
आणि तिनं थेट त्याच्याकडे बघत वाचलं,
"एका कामगाराचा".
नाव मी तिला दिलं नव्हतं.
माहीत असलेलं तिच्या चेहऱ्यात लपत नाही.

जाहिरात. लुंडीन. दोन मिनिटं.
दोन मिनिटांत सांगून होत नाही असलं काही.
व्हर्लिनच्या कानात म्हटलं, ताण.
किती?
मी परत येईपर्यंत.

त्यानं पुढे विचारलं नाही.
कॅनडातून वारा आणला,
एकेका गावाचं नाव घेत दारोदार फिरवला,
शहाण्णवची थंडी काढली,
वडिलांच्या उभ्या-उभ्या गोठलेल्या गायी काढल्या,
नव्वद सेकंद, नुसता वारा,
आणि तेवढ्यात मी स्टुडिओत जाऊन
जेरडच्या डोक्यावरचा हेडफोन उतरवला.
काय बोलले ते आठवत नाही.
त्याची कुठे टेप नाही.
तो गाडीच्या किल्ल्या शोधत राहिला,
त्याच्या हातातच होत्या.
आमचा इंजिनियर त्याला काकूकडे घेऊन गेला.

पुढचा भाग कॅमेरा दोननं एकट्यानं दाखवला.
जाताना हँडलला धक्का लागला असावा:
मार्लिस किंचित कललेली, माळही,
मागचं गाव उताराला लागल्यासारखं.
सरळ कर असं मी कुणाला म्हटलं नाही.
कुत्रं कापलं.

सहा एकतीसला फोन वाजला.
एक आजीबाई, आवाज करारी:
चित्र वाकडं होतं,
आणि हॉकीचा स्कोअर का नाही सांगितलात?
वेळ पुरला नाही, मी म्हटलं.
चार-दोन, त्या म्हणाल्या. आपण जिंकलो.
गोलात माझा नातू होता. लिहून घ्या.

लिहून घेतलं,
हाताशी होता त्याच कागदावर,
ऑर्व्हिलच्या नावाखाली.