कव्हर

प्रभादेवीच्या कामगार कल्याण केंद्रात
पंखे बंद केलेत, पावडर उडू नये म्हणून.
तिसरा सेट. वीस-वीस.
राणी घेतलीय, कव्हर बाकी.
हात माझाच आहे, पण बोट
दुसऱ्या कुणाचं तरी.

तुळसकर सर म्हणायचे,
घाबरू नकोस असं स्वतःला सांगू नये.
भीतीला वाटतं, आपल्यालाच हाक मारली.

म्हणून मी तिला बसू देते,
बाजूच्या फोल्डिंगच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन,
लग्नाला आलेल्या लांबच्या मावशीसारखी.
जेवून जा म्हणते.
फक्त बोर्डाला हात लावायचा नाही.

मग उरतो स्ट्रायकर. त्याचा गारवा.
लाकडी कडेवरचा जुना ओरखडा.
श्वास निम्मा सोडायचा, निम्मा मागे ठेवायचा,
महिनाअखेरच्या पैशांसारखा.

समोर शमीम खोत ओढणीने तळवे पुसतेय.
तिच्याही शेजारी कुणीतरी बसलेलं असणार.

टक.

सोंगटी भोकाच्या ओठापर्यंत जाते
आणि थांबते.
मावशी खुर्चीतून अर्धी उठते.
बस गं, मी म्हणते, बस.

राणी परत मधोमध.
माझी पाळी येईपर्यंत
हात मांडीवर, उताणे, पावडरीने पांढरे.
थरथरतायत.
थरथरू देत.