जवाएवढं

राजाचं बाळ गेलं ते माझ्या मांडीवर.
उजव्या अंगाचं दूध त्याचं, डावं माझ्या एरिथाचं,
असं गढीतल्या बायांनी ठरवून दिलं होतं.
एरिथा सहा दिवस आधी गेली. तापानंच.
तिला आम्ही पाण्याच्या जुन्या रांजणात निजवलं,
गुडघे पोटाशी, माझ्या आत होती तशी,
आणि चुलीमागची जमीन उकरून तिथेच ठेवलं.
सोबत एक मातीची वाटी, कान तुटलेली.
धड वाटी घरात एकच होती
आणि केरोवोसला जेवायचं होतं.

केरोवोस सोनार. माझा नवरा.
दुसऱ्या पहाटे त्याला निरोप आला:
तोंड, छाती, हात, पाय, सगळं मढव,
बोटंसुद्धा सुटी सुटी.
मापं घ्यायला त्यानं मला नेलं.
त्याचे हात राठ,
आणि ते अंग मला तोंडपाठ:
टाळूपासून टाचेपर्यंत माझ्या तीन विती,
पाऊल करंगळीहून थोडं मोठं,
डाव्या कानामागे तीळ.
तीळ सोन्यात काढता येत नाही, केरोवोस म्हणाला.
मी म्हटलं, मग राहू दे.

समुद्रापलीकडून आलेला एक पेला मोडला त्यासाठी.
त्यावर बैल होता, जाळ्यात अडकलेला.
मुशीत आधी काय वितळलं, जाळं की बैल,
मी पाहिलं नाही. मी भाता ओढत होते.

मग दोन कातड्यांमध्ये घालून ठोकणं.
ठोक, उलट, ठोक.
पत्रा इतका पातळ झाला की
श्वास लागला तरी थरथरे,
केरोवोस मला म्हणाला, तोंड फिरवून रड.

रात्री राजा आला. एकटाच.
अंगाला मेंढरांचा वास, आमच्या अंगाला येतो तसाच.
तलवारीच्या मुठीला हाच माणूस म्हणायचा,
जड कर, अजून जड, हातात भरली पाहिजे.
त्यानं पत्रा तळव्यावर घेतला,
दिव्यापुढे धरला,
बराच वेळ.
"हलकं कर अजून," म्हणाला,
"उचलायचंय त्याला ते."
केरोवोसनं हातोडी पुन्हा घेतली.

राणीनं सांगितलं, डोळ्यांच्या जागी भोकं ठेवा,
खाली अंधारात त्याला आई ओळखू यावी.
कोणती, हे मी विचारलं नाही.

मढवताना एक एक बोट मीच दुमडलं.
माझं बोट घट्ट धरून झोपायची सवय होती त्याला.
आता पत्र्यानं धरलं,
नुसता चुरचुर आवाज झाला,
वाळकं पान पायाखाली यावं तसा.

मग कोठीवाला तराजू घेऊन आला.
पेल्याचं वजन त्याच्या ध्यानात पक्कं.
कापलेले तुकडे, कातड्यावरची धूळ,
मुशीच्या तळाचा खरवडा, सगळं घातलं पारड्यात.
एका जवाएवढं कमी भरलं.
माझे केस सोडले, जीभ वर करून पाहिली,
केरोवोसची नखं काडीनं कोरली.
केरोवोस म्हणाला, धुरात गेलं.
सोनं धुरात जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.
राजा दारात उभा होता. म्हणाला,
"धुरात गेलं असेल."

घरी येऊन मी कापड सोडलं.
छाती दगड झालेली, तरी दूध पाझरत होतं,
ज्याला पाजायचं ते कुणी उरलेलं नाही, हे त्याला कोण सांगणार.
डाव्या बाजूला, त्या ओलीवर,
चिकटून बसला होता एक कण.
लखलखत वगैरे नव्हता. पिवळा, चुरगळलेला,
जवाच्या टरफलासारखा.

मी चुलीमागे बसले.
रांजण उघडला नाही, तेवढा जीव नव्हता.
नखानं माती उकरली, कण आत ढकलला,
वर राख सारखी केली.
मागे वळून पाहते तर केरोवोस जागा.
बोलला काही नाही,
दिवा जरा माझ्याकडे सरकवला.

सकाळी कोठीवाला पुन्हा आला, सहज आल्यासारखा.
चुलीकडे पाहत बसला.
मी त्याला जवाची भाकरी दिली, त्याच जागेवर भाजलेली.
खाण्याआधी त्यानं ती हातावर तोलून पाहिली.
सवय त्याची.