समासातले आकडे

घड्याळ नेहमी तिसऱ्या भोकात.
मंगळवारी एक भोक सैल करावं लागलं.
एवढंच.
म्हटलं, खाऱ्या पाण्यानं पट्टा आटला असेल.

"डोसिंदा, दाखव," ओब्दुलियानं दाताळं वाळूत रोवलं.
मनगटाच्या वर अंगठा दाबला, चार श्वास,
उचलला. खळगा तसाच.
ओल्या वाळूत शिंपली आत गेल्याची
अशीच खूण राहते,
आणि आपण तिथंच उकरतो.

गेल्या साली काखेतून चौदा गाठी काढल्या.
तेव्हा कुणीतरी बजावलं होतं,
हात जड वाटला तर लगेच या.
मला तेव्हा फक्त जगायचं होतं,
हाताचं कोण ऐकतंय.

नोइया बंदरामागच्या दवाखान्यात
इरिया नावाची पोर, गार बोटांची.
तिच्याकडे ऑपरेशनच्या आधीची मापं होती,
माझा जुना हात, कागदावर जपलेला.
दर चार सेंटिमीटरवर टेप, आधी उजवा, मग डावा.
फरक दीडचा, कोपराखाली.
"लवकर आलात," ती म्हणाली.
हे मला जन्मात पहिल्यांदा कुणी म्हटलं.

मग ती कातडी नुसती सरकवते,
इतकी हलकी, की मी विचारलं, सुरू कधी करणार?
चाळीस वर्षं वाळू ओढलेली बाई मी,
मला जोर कळतो.
काही पाणी जोरानं हलत नाही,
वाट विचारत विचारत जातं,
हे कळायला वेळ लागला.

आता घट्ट बाही. चढवायला दहा मिनिटं
आणि तीन शिव्या.
वर रबरी हातमोजा, कारण शिंपल्याची एक चीर
की सगळं मुसळ केरात.
ओब्दुलिया माझी बादली उचलते,
मी ओरडते, ती उचलते.

भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक खिशात असतं.
त्याच्या समासात, पेन्सिलीनं, हाताचे आकडे.
सहा आठवड्यांत एक सेंटिमीटर उतरलं.
मग उकाड्याचे चार दिवस आले,
अर्धं परत चढलं.
इरिया म्हणते, हे आता असंच, सांभाळत राहायचं.
म्हटलं, पोरी, पाण्याचं मला नको सांगू.

आज घड्याळ दोन भोकांच्या मधे बसतंय.
खिळा तापवून तिथं नवं पाडलं.
सहा वाजून दहा मिनिटं.
पाणी उतरू लागलंय, निघते.